एक हजार त्र्याण्णवसमोरचा आकडा

बाई,

तुमची वही काल उघडली. तुम्ही गेल्यावर तुमच्या भाचीनं ती माझ्याकडे आणून दिली होती. आत्यानं माझ्यासाठी वेगळी काढून ठेवलेली, असं म्हणाली. त्याला आता पन्नास वर्षं तरी होऊन गेली असतील. एवढ्या वर्षांत मी ती ट्रंकेतून कपाटात आणि कपाटातून माळ्यावर नेली. लालबागहून परळला, परळहून प्रभादेवीला आले तेव्हा प्रत्येक वेळी आधी वही पिशवीत घातली आणि मग भांडी बांधली. पण उघडली कधीच नाही. कुणी विचारलं तर ‘आमच्या बाईंची आठवण’ असं सांगायचे. खरं म्हणजे मला तिची भीती वाटायची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवून आता ऐंशी ओलांडलेली मी, तांबड्या कापडी पुठ्ठ्याच्या एका वहीला घाबरत होते. तुम्ही असतात तर हसला असतात.

वही उघडायला माझी नात निमित्त झाली. ती कॉम्प्युटर शिकते. परवा दुपारी माझ्या पलंगावर मांडी घालून बसली होती आणि कसली तरी यादी त्या पडद्यावर सरकत होती. मी पेंगत होते. मध्येच ती म्हणाली, “आजी, हे बघ ना. या बारा लाखांपर्यंतच्या सगळ्या फसव्या संख्यांचे अवयव काढले, अडीचशेच्या वर आहेत, सगळे वेगवेगळे येतायत. ह्या एकातच सेम नंबर दोनदा आलाय. एक हजार त्र्याण्णव गुणिले एक हजार त्र्याण्णव. माझंच काहीतरी चुकलंय. ही लाइन उडवते मी.” माझी झोप उडाली. मी इतक्या जोरात ‘पुसू नकोस’ म्हणाले की ती दचकली. मग तिला पाणी आणायला पाठवलं आणि ती परत येईपर्यंत डोळे पुसून घेतले.

तुम्ही त्या संख्यांना तोतया म्हणायचात. पुस्तकात त्यांना काय म्हणतात ते मला कॉलेजात गेल्यावर कळलं, पण माझ्यासाठी त्या तोतयाच राहिल्या. नातीलाही मी तसंच सांगितलं, तुम्ही मला सांगितलं होतं अगदी त्याच क्रमानं. सात घे. सात वेळा दोन मांडून गुणाकार कर, एकशे अठ्ठावीस. त्यातून दोन वजा कर, एकशे सव्वीस. सातानं भाग जातो. कुठलीही मूळ संख्या घे, या परीक्षेत ती पास होते. आता सहा घे. चौसष्टातून दोन गेले बासष्ट, त्याला सहानं भाग जात नाही, सहा नापास. संयुक्त संख्या बहुतेक अशाच नापास होतात. पण तीनशे एक्केचाळीस म्हणजे अकरा गुणिले एकतीस, चांगली दोन तुकड्यांची संयुक्त संख्या, तरी ती पास होते. राजवाड्यात आली, बसायची रीत बरोबर, बोलायची रीत बरोबर, कुणाला संशय नाही. हा पहिला तोतया. संयुक्त हा शब्द त्या दिवसांत आमच्या चाळीच्या भिंतीभिंतीवर चुन्यानं लिहिलेला असायचा, त्यामुळे तुम्ही तो गणितात वापरलात की मला उगीचच हसू यायचं. तुम्ही म्हणायचात, हसून झालं असेल तर पुढचा गुणाकार कर.

मी तुमच्याकडे आले ती एका खोटेपणामुळेच. आठवतं का तुम्हाला? आठवीचा वर्ग, हौद आणि दोन नळांचं उदाहरण. पुस्तकाच्या मागे छापलेलं उत्तर चुकीचं होतं. सगळ्या मुलींचं उत्तर वेगळं आलं म्हणून त्या रडकुंडीला आलेल्या आणि माझ्या एकटीच्या वहीत अगदी पुस्तकातलं उत्तर, तेही पाच नीटनेटक्या पायऱ्या मांडून. तुम्ही वही डोळ्यांच्या अगदी जवळ धरलीत. तेव्हाही तुम्हाला तशीच धरावी लागायची, आम्हाला वाटायचं ती तुमची ऐट आहे. मग म्हणालात, “पुस्तक चुकलंय. मग तुझं बरोबर कसं आलं?” वर्गात सगळ्या हसल्या. मी खाली बघत उभी. आमच्यात ती रीतच होती, बाई. आधी मागचं पान उघडायचं, उत्तर बघायचं आणि मग गणित त्या बाजूनं ओढत न्यायचं. घरी शिकवायला कुणी नसलेल्या मुलींना तेवढाच आधार असतो. तुम्ही रागावलात, पण आवाज चढवला नाहीत. “उत्तर जुळवायचं नसतं. येईल ते लिहायचं. चुकीचं आलं तर चुकीचं लिहायचं, पण आलेलं लिहायचं.” तास संपला तेव्हा मला थांबवलंत आणि विचारलंत, “जुळवलंस ते मात्र झकास. एवढं डोकं कुठून आणलंस? तुझी आवडती संख्या कोणती?” असा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हणाले, चारशे बारा. बाबांच्या गिरणीतल्या बिल्ल्यावर आहे, मला वाचता आलेला पहिला आकडा तोच. तुम्ही क्षणभर डोळे मिटलेत. “चार गुणिले एकशे तीन. त्यात दोनाचा वर्ग बसलाय. रविवारी ठाकूरद्वारला येशील?”

बाबांना विचारलं. मागावर बारा बारा तास उभं राहून त्यांचे पाय सुजायचे, संध्याकाळी ते गरम पाण्यात पाय सोडून बसलेले. म्हणाले, “बाईंचा काम आसा तर जा. पण काळोख होवच्या आधी घरात ये.” आई म्हणाली, चेडवाला, पोरीच्या जातीला, गणिताचं काय करायचंय. बाबा म्हणाले, “माका खंय ठावक? तिका ठावक आसतला.” त्यानंतर तीन वर्षं दर रविवारी मी ट्रामनं तुमच्याकडे येत राहिले.

तुमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. दोन खोल्यांतली आतली, खिडकीशी शिसवी टेबल, त्याला एक पाय आखूड म्हणून खाली घडी केलेला कागद. टेबलावर मोठी पाटी, ओलं फडकं, जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, त्यांच्या कोऱ्या पाठी आमच्या. स्टोव्हवर काहीतरी रटरटत असायचं. तुम्ही मुंबईच्या जुन्या घराण्यातल्या, मासळीशिवाय रविवार नाही. कोलंबीचं भानोलं मी पहिल्यांदा तुमच्याकडे खाल्लं आणि घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, कोबीत कोलंबी घालतात ते काय जेवण. खोडरबर तुमच्या घरात नव्हतं. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा तुमचा नियम. पाटीवरचं पुसायचं, पण कागदावरचं खोडायचं नाही. मला कधीकधी वाटतं, माझ्या आयुष्यातली सगळ्यात शांत जागा ती होती. आमच्या खोलीत आम्ही सात माणसं राहायचो. तुमच्याकडे दोन माणसं आणि बाकी सगळे आकडे. दुपारचं ऊन टेबलावरून भिंतीवर चढायचं, समोरच्या देवळातली घंटा मध्येच वाजायची, तुम्ही डोळ्यांत थेंब घालून खुर्चीत मागे टेकून बसलेल्या असायचात आणि मी मोठमोठ्या संख्यांना भागत असायचे. भागता भागता मला वाटायचं मी पाण्याखाली चालते आहे. तसं मला पुढे कधीच वाटलं नाही.

काम असं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं की तोतयाचे अवयव पाडले की प्रत्येक अवयव वेगळा निघतो. पाचशे एकसष्ट म्हणजे तीन, अकरा, सतरा. एक हजार एकशे पाच म्हणजे पाच, तेरा, सतरा. कुठेच एक मूळ संख्या दोनदा येत नाही. नवानं, पंचविसानं, एकोणपन्नासानं भाग जाणारा एकही तोतया नाही. तुम्ही म्हणायचात, तोतयाला वर्ग चालत नाही, हा नियम असला पाहिजे, आणि तो सिद्ध करता आला नाही तरी निदान तपासता येईल. कारण एखाद्या मूळ संख्येच्या वर्गानं तोतयाला भाग जायचा असेल तर त्या संख्येला एक फार अवघड अट पाळावी लागते. दोनाचा तिच्याहून एकानं कमी असा घात घ्यायचा, तिच्या वर्गानं भागायचा, आणि बाकी बरोबर एक उरली पाहिजे. साताला हा घात चौसष्ट, वर्ग एकोणपन्नास, बाकी पंधरा. एक नाही. सात सुटला. अशी एकेक मूळ संख्या घ्यायची, बाकी काढायची, वहीत लिहायची. तुम्ही डोळे धड होते तोवर आठशेपर्यंत एकटीनं केलं होतंत. पुढचं बाराशेपर्यंत माझ्या हातानं. ताळाही तुम्हीच शिकवलात. आलेल्या बाकीतून एक वजा केला की त्या मूळ संख्येनं भाग गेलाच पाहिजे. पंधरातून एक गेला चौदा, सातानं जातो. ताळा जुळला म्हणजे बाकी बरोबर.

हे सगळं कशासाठी, ते मला फार उशिरा कळलं. तुमचं एम. ए. अर्धवट राहिलं होतं. एका कॉलेजातले प्राध्यापक तुम्हाला ओळखत होते. तुम्ही हा तक्ता करून टिपण लिहिलंत तर ते एका गणिताच्या नियतकालिकाकडे पाठवू, छापून आलं तर आमच्या कॉलेजातल्या शिकवण्याच्या जागेसाठी तुमचं नाव सुचवू, असं त्यांनी कबूल केलं होतं. आणि डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं की काचबिंदू थांबत नसतो. दोन्ही गोष्टी तुम्ही एकदाच, भाजी चिरता चिरता सांगितल्यात, दोन-चार वर्षं दिसेल म्हणतात, त्यात होऊन जाईल. वहीत ते बघायला मिळतं. पहिल्या पानावर तुमचे आकडे मुंगीएवढे आहेत. मग ते वाढत जातात. हजाराच्या पुढे एका पानावर सहाच ओळी मावल्या आहेत.

आणि मग गोळीबाराचा तो आठवडा. त्या रविवारी मी तुमच्याकडे आले आणि संध्याकाळी परतायच्या आधीच ट्राम बंद झाल्या, कर्फ्यू लागला. मी तुमच्याकडेच राहिले. गिरगावचा रस्ता एवढा रिकामा मी कधी पाहिला नव्हता. गॅलरीत यायचं नाही असं तुम्ही बजावलेलं, पण मी दाराच्या फटीतून बघायचे. खाली विटांचे तुकडे, एक चप्पल, बंद दुकानांच्या फळ्या, आणि मधून जाणारी पोलिसांची गाडी. कुठून तरी लांबून घोषणा यायची, मुंबईसह, आणि पुढचं ऐकू यायचं नाही. बाबा मोर्च्यात असणार हे मला ठाऊक होतं. तुम्ही म्हणालात, “काळजी करून ते लवकर येणार आहेत का? बस. पुढची संख्या कुठली?” पुढची संख्या एक हजार त्र्याण्णव होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोन तासांसाठी कर्फ्यू उठला. लालबागहून चालत बाबा मला न्यायला आले. दारात उभे, सदरा फाटलेला, कपाळावर खोक पडून त्यावर हळद भरलेली. “चल गो, वेळ नाय.” तुम्ही त्यांना पाणी दिलंत. त्याच वेळी ते गणित पुरं होत होतं. शेवटून दुसऱ्या पायरीला माझ्या पाटीवर बाकी आली होती अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे अठ्ठेचाळीस. ज्या वर्गानं भागत होतो त्याहून बरोबर एकानं कमी. शेवटची पायरी करायचीही गरज नव्हती. एकानं कमी असलेल्याचा वर्ग केला की बाकी एकच उरते, हे तुम्हीच शिकवलं होतं. सात आकडी बाक्यांची ती रांग, आणि टोकाला एकटा एक. भरतीचं पाणी ओसरून चौपाटी उघडी पडावी तसं वाटलं मला. टेबलाशी परत येऊन तुम्ही विचारलंत, “काय आलं गं?”

मी म्हणाले, “चार लाख पन्नास हजार तीनशे सतरा.”

हा आकडा मी तिथल्या तिथे बनवला. ताळा जुळायला हवा होता, म्हणून एक हजार त्र्याण्णवला चारशे बारानं गुणलं आणि एक मिळवला. दारात बाबा उभे होते, दुसरा कुठला आकडा मला सुचणार? तुम्ही वही पुढे ओढलीत, डोळ्यांजवळ धरलीत आणि शाईनं, मोठ्या अक्षरांत लिहिलंत. तोंडी ताळा करून म्हणालात, “जुळला.” मी पाटीवरून ओलं फडकं फिरवलं आणि चपला घातल्या. सबंध वाटेनं, भायखळ्याच्या पुलाखालून जाताना, बाबा मला हाताला धरून ओढत होते आणि मी मनाशी म्हणत होते, कुठेतरी चुकलं असणार. एक कसा येईल? बाईंचा नियम आहे. पुढच्या रविवारी नीट करू. पुढच्या रविवारी एक हजार सत्त्याण्णव समोर होती. नातीला काल मी इथपर्यंतच सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे तुला वाटलं चुकलंय, म्हणून बदललंस. मी पण तेच करत होते ना.” मी हो म्हणाले.

टिपण गेलं. प्राध्यापकांच्या टेबलावर ते किती महिने पडलं आणि तिकडे किती, देव जाणे. मी मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले, येणं कमी झालं. उत्तर आलं तेव्हा तुम्हाला ते वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं. मोजून तीन वाक्यं. एक हजार त्र्याण्णव ही संख्या ती अट पाळते हे गेली चाळीसहून अधिक वर्षं जाणकारांना माहीत आहे. तिच्या वर्गाएवढी संख्या स्वतःच तोतया आहे. सदर तक्ता प्रत्यक्ष गणित करून तयार केलेला दिसत नाही. तुम्ही म्हणालात, पुन्हा वाच. मी पुन्हा वाचलं. प्राध्यापक आठवड्यानं येऊन गेले, खुर्चीच्या कडेवर बसून चहा प्यायले. “माझं नाव त्यात गुंतलंय हो,” म्हणाले. तुम्ही त्यांना सांगितलंत, “चूक माझी आहे. मुलीनं आकडे बरोबरच दिले असतील, उतरवताना माझी नजर चुकली.” मी तिथे ट्रे घेऊन उभी होते. रिकामा कप उचलला आणि आत गेले. जागेची गोष्ट त्यानंतर कुणी काढली नाही.

राज्य झालं त्या संध्याकाळी बाबांनी माझ्या हातात पेढ्यांचा पुडा दिला, “बाईंक नेऊन दी.” सगळं गिरगाव रस्त्यावर होतं. गुलाल, ताशे, गॅलऱ्यागॅलऱ्यांतून पणत्या. तुम्ही आतल्या खोलीत टेबलाशी बसला होतात, हात पुसून, एखादं शुभकार्य असावं तशा. म्हणालात, “आलीस? बस. एक हजार त्र्याण्णव परत करू. तू पाटी धर, मी सांगते.” दोघींनी मिळून केलं. मी आकडे मोठ्यानं वाचायचे, तुम्ही डोळे मिटून गुणायचात, मी पाटीवर पडताळायचे, एकदाही तुमचं चुकलं नाही. खालून घोषणा येत होत्या, फटाके वाजत होते, आणि आम्ही एकेक पायरी वर चढत होतो. अकरा लाख चौऱ्याण्णव हजार सहाशे अठ्ठेचाळीसला तुम्ही माझा हात धरलात. “थांब. पुढचं करू नकोस.” आणि तुम्ही हसायला लागलात. मला वाटलं होतं तुम्ही रडाल. तुमचा नियम मोडला होता, नाव गेलं होतं, आणि तुम्ही लहान मुलीसारख्या हसत होतात. “किती सुंदर आहे गं हे. असं असू शकतं, आणि आपल्याला ठाऊकच नव्हतं.” खिडकीकडे तोंड करून विचारलंत, “दिवे लागलेत का खाली?” मी म्हणाले, खूप. तुम्ही म्हणालात, मला पिवळं पिवळं दिसतंय. मग तशाच खिडकीकडे बघत, “तेव्हा तुला किती आलं होतं गं?”

“आठवत नाही, बाई.”

“बरं,” म्हणालात, “पेढा खा.” मी पेढा खाल्ला आणि उरलेले ताटलीत काढून ठेवले. त्यानंतर दहा-अकरा वर्षं तुम्ही होतात. मी येत राहिले, तुम्हाला वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, माझ्या शाळेतल्या मुलींच्या गमती सांगायचे. तुम्ही तो प्रश्न पुन्हा काढला नाहीत आणि मीही काढला नाही. मी माझ्या वर्गात मागचं पान उघडणाऱ्या मुलींवर कधी हसले नाही, त्यांना उभंही केलं नाही. तुमच्यासारखं रागवायचा मला हक्क नव्हता.

काल नातीला दाखवायला वही उघडली. ती हळूहळू पानं उलटत होती, तुमचे आकडे कसे वाढत जातात ते बघत होती. एक हजार त्र्याण्णवच्या ओळीशी थांबली. “आजी, हे शाईत चार लाख पन्नास हजार तीनशे सतरा. आणि बाजूला पेन्सिलीनं काय आहे? चारशे बारा?”

पेन्सिलीचं अक्षर वेडंवाकडं आहे, ओळ सोडून वर चढलेलं, न दिसणाऱ्या माणसानं लिहिलेलं. पण चारशे बारा स्वच्छ वाचता येतं. खाली तुमच्या सवयीप्रमाणे वार आणि तारीख. पेढे घेऊन मी आले त्याच्या चार दिवस आधीची. म्हणजे तुम्ही ती ओळ कुणाकडून तरी वाचून घेतलीत, त्या खोट्या बाकीतून एक वजा केलात, मनातल्या मनात भागलंत, चारशे बारा आले, आणि तुम्हाला कळलं. आठवीतल्या एका मुलीचा आवडता आकडा तुम्ही सहा-सात वर्षं लक्षात ठेवला होतात. खिडकीकडे बघत विचारलंत तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. उत्तर नको होतंच तुम्हाला. मला ते बोलता यावं म्हणून विचारलंत आणि चार दिवस त्यासाठी थांबलात. आणि मी म्हणाले, आठवत नाही. काल रात्रभर मला याचाच त्रास झाला. त्या तीन वाक्यांपेक्षा याचा जास्त.

नात म्हणते, अशा दोनच मूळ संख्या आजवर सापडल्या आहेत. तुमची एक हजार त्र्याण्णव आणि तिच्यापुढे तीन हजार पाचशे अकरा. एवढी यंत्रं रात्रंदिवस चालवून तिसरी मिळालेली नाही, आणि ती नाहीच असंही कुणाला सांगता येत नाही. तुम्हाला हे ऐकून पुन्हा हसू आलं असतं. पाटी आणि उत्तरपत्रिकांच्या पाठी घेऊन आपण दोघी त्या दोनांतल्या एका संख्येपर्यंत पोचलो होतो.

आज सकाळी मी त्या शाईच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारली, तुमच्या पद्धतीनं, खालचं वाचता येईल अशी. शेजारी काय लिहायचं ते मात्र आधी तुम्हाला सांगायला हवं. हे पत्र त्याच पानात घडी करून ठेवणार आहे. ठाकूरद्वारच्या त्या वाडीत आता काचेच्या दारांचा टॉवर आहे आणि तुमच्या नावाचं कुणी तिथे राहत नाही.

नातीला मी खोटं सांगितलं, बाई, आणि वर तुम्हालाही तेच लिहिलं. बाबा दारात आले तेव्हा पुरं होत होतं ते गणित मी दुसऱ्यांदा करत होते. पहिल्यांदा आदल्या दिवशी, तुम्ही निजलेल्या असताना केलं होतं. तेव्हाही तेच आलं होतं. चूक नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. मला एवढंच कळत होतं की नियम मोडला की वही संपेल, आणि वही संपली की रविवार संपतील.

मला आठवत होतं, बाई. एक आला होता.